तिसरा रकाना

शनिवारी रात्री साडेनऊला
सिडकोतल्या माझ्या खोलीत इस्त्रीचं टेबल उघडतं
आणि त्यावर एक खंड पसरतो :
दोन नद्या, एक जळकं जंगल,
चिवड्याचं तेल सांडलं तिथं आम्ही तळं मानलं.

नियमांचं पुस्तक इंग्रजीत. मराठी मी केलं,
अंबडला दुसरी पाळी संपवून आल्यावर,
बोटांना कूलंटचा वास असतानाच,
दोनशे पानी वहीत, निळ्या शाईनं.
पहिला रकाना : नाव.
दुसरा : पेशा.
तिसऱ्यात मी लिहिलं : जात.
दुसरा शब्द सुचला नाही. खरं सांगते,
शोधावासाही वाटला नाही.

यक्ष : चपळाई अधिक दोन, अंधारात दिसतं.
बुटबैंगण : काटकपणा अधिक दोन, विष बाधत नाही.
राक्षस : ताकद अधिक चार, बुद्धी उणे दोन.
जन्मतः.

प्रज्योत गांगुर्डेनं राक्षस घेतला.
पेन तिसऱ्या रकान्यावर टेकवलं
आणि बराच वेळ उचललंच नाही,
ठिपका फुगत गेला.
"हा इथंसुद्धा भरायचा का?"
हसूनच म्हणाला.
आम्हीही हसलो. मी जरा जास्तच.

तीन महिने तसेच खेळलो.
त्याचा राक्षस दारं फोडायचा, ओझी वाहायचा,
कोडं आलं की मागे सरकायचा.
आणि सातपूरला बारावीचं गणित शिकवणारा प्रज्योत
उत्तर ठाऊक असलेला चेहरा
सराईतपणे खाली घालायचा.

ह्या गावाला राक्षसीण नवी नाही.
गावाचं नावच तिच्या कापलेल्या नाकावरून पडलं म्हणतात.
तिची बुद्धी किती होती
हे कुणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.

परवा वही उघडली. शाईला खोडरबर चालेना,
व्हाइटनर घेतला.
वंश लिहिलं. ते तर आणखी रक्ताळ.
कुळ लिहिलं, तलाठी आठवला.
जमात म्हणताच तौसीफ कोकणी म्हणाला, नको.
तीन थर चढले. रकान्याचा उंचवटा झाला.

मृण्मयी जाचक चिडली, आणि तिचं चूक नव्हतं :
"सगळे सारखे केलेस तर निवडायचं काय?
माझ्या यक्षिणीला अंधारात दिसतं म्हणून तर ती घेतली.
मला स्वतःला जिन्यावर मोबाइल लावावा लागतो."
तौसीफ म्हणाला, "दिसू दे की.
पण आईच्या पोटातूनच का?
माझे अब्बा बावीस वर्षं रात्रपाळीचे वॉचमन,
गंगापूर रोडची अर्धी कुत्री त्यांना सावलीवरून ओळखतात.
लिही : रात्र जागलेल्याला अंधारात दिसतं."

लिहिलं.
भट्टीजवळ वाढलेल्याला आग अर्धी लागते.
नदीकाठच्याला, दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागायच्या आत,
नुसत्या वासावरून पूर कळतो.
मागच्या बाकावर बसवलेल्याला
इथं पेन अडलं.
अधिक काय लिहू? आणि कशाच्या बदल्यात?
मृण्मयी म्हणाली, "ते तू नको ठरवूस."
ती ओळ अजून तशीच आहे.

आज नवा कागद प्रज्योतपुढे सरकवला.
तिसरा रकाना त्यानं नखानं थोडा खरवडला,
खालची निळी शाई दिसल्यावर थांबला,
पुढच्यावर गेला.

राजवाड्याचं दार, दारावर कोडं.
राक्षस पहिल्यांदा पुढे झाला.
पितळी फासा मीच मिलिंगवर कापलेला, वीस तोंडांचा,
एक बाजू केसभर जड, सगळ्यांना माहीत.
तो इस्त्रीच्या टेबलावरून घरंगळत
फ्रिजखाली गेला.
टॉर्च लावून आम्ही चौघं पालथे पडलो.

तीन.

जुन्या नियमानं एकच झाला असता.
दार काही उघडलं नाही.
"तीन," प्रज्योत तसाच पालथा पडून म्हणाला,
"पण पाडले मी."